मागची खोली

बाबांचा फोन पहाटे आला. अशा वेळचा फोन उचलायच्या आधीच अर्धी बातमी कळलेली असते. "आई गेली," ते म्हणाले. थोडं थांबून, आवाजात काहीही फरक न पडता, "सावकाश या, घाईनं गाडी मारू नका. आणि बाळाला आणू नकोस." फोन ठेवल्यावर मला रडू यायला हवं होतं. पण डोक्यात अडकून बसलं ते शेवटचं वाक्य. ज्या माणसाची आई तासाभरापूर्वी गेली, त्याला त्या वेळी माझ्या साडेचार महिन्यांच्या लेकीची आठवण व्हावी? मायेनं झाली म्हणावं, तर आवाजात माया नव्हती. ताकीद होती. बाबा ताकीद देणाऱ्यांतले नाहीत. माझ्या आंतरजातीय लग्नालासुद्धा त्यांनी "बघ बाई" एवढंच म्हटलं होतं.

लेक तेव्हा नुसती अंगावर पीत होती. बाटली तोंडाला लावली की जिभेनं ढकलून द्यायची, वाटी-चमच्याला तर हातच मारायची. पुण्याहून आमचं गाव वाईच्या अंगाला. जायचं, माती होईपर्यंत थांबायचं, अंघोळी उरकून परत यायचं, म्हणजे सबंध दिवस गेला. तेव्हा ‘बाळाला आणू नकोस’चा सरळ अर्थ ‘तू येऊ नकोस’ असा होत होता. हे बाबांच्या लक्षात आलं नसावं. नवऱ्याच्याही आलं नाही. "आईकडे ठेवू की," तो म्हणाला. सासूबाई दारातच उभ्या होत्या. "मी ठेवीन रे दिवसभर," त्या म्हणाल्या, "पण पाजू काय?"

मग फोन सुरू झाले. थोरली काकू म्हणाली, "तू ये बाय, तुझी वाट बगतोय आमी. पण लेकराला मयताचं वारं नगं. लई कवळं हाय." धाकट्या आत्याचा सूर वेगळा. तिला बोलता येत नव्हतं, तरी हुंदक्यांच्या मधून ती म्हणाली, "आण गं तिला. आईनं बघितली न्हाई अजून." आई तर गावीच होती, आजीजवळ. ती म्हणाली, "तुला काय वाटतं ते कर, मला आत्ता काही सुचत नाही." हे मात्र मला फार बरं वाटलं. आम्हां चुलत भावंडांच्या ग्रुपवर तोवर ‘किती वाजता हलवणार’ची चौकशी सुरू झाली होती. पिंपरीचा धाकटा चुलतभाऊ तर वाटेला लागलाही होता. त्याचा मुलगा आठ महिन्यांचा. त्या मुलाचं काय करायचं हे विचारायला त्याला एकही फोन आला नसणार. त्याची बायको मुलाला घेऊन घरी राहिली. तिचं न येणं कुणी ठरवलंसुद्धा नव्हतं. ते आपोआपच झालं.

आत्याचं म्हणणं खोटं नव्हतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून आजी खाटेवरच होती, बारशाला येणं शक्यच नव्हतं. आम्ही ‘जरा ऊन उतरू दे’, ‘जरा पाऊस थांबू दे’, ‘साडेतीन महिन्यांचं इंजेक्शन होऊ दे’ करत राहिलो. इंजेक्शन झालं, त्यावर तिला दोन दिवस ताप आला, तो उतरला, आणि मग पुढच्या रविवारी जाऊ असं ठरलं होतं. आजीनं पणती बघितली ती फोनवर. चुलत बहिणीनं फोन तिच्या तोंडापाशी धरला होता. आजी बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, "येवढीशीच हाय व्हय?" आम्ही सगळे हसलो. तिला खरोखर वाटलं होतं की लेक फोनच्या काचेएवढीच आहे. नंतर एसटीतून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती तिनं गोधडी पाठवली. गोधडी तिनं शिवलेली नव्हती, डोळे कधीच अधू झाले होते. पण लुगडी तिचीच होती. कुठली वर, कुठली आत, हे तिनं खाटेवरून सांगितलं होतं म्हणे. वरचं हिरवं, मी लहानपणी ज्याच्या निऱ्यांमागे लपायचे ते.

सहा वाजता मी लेकीच्या डॉक्टरीणबाईंना मेसेज टाकला. इतक्या सकाळी उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, पण त्यांनी सरळ फोनच केला. न्या किंवा नेऊ नका, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनीच मला विचारलं, तिथं दार बंद होईल अशी खोली आहे का? घरात कुणाला खोकला आहे का? "खोकला जुना असो की नवा, खोकणारं कुणी असेल तर लांब ठेवा. लस झाली असली तरी डांग्या खोकल्याची भीती लहान बाळाला असतेच." धूर कुठे होणार, पाणी तापवायची चूल कुठल्या बाजूला मांडलीय, उदबत्त्या किती. कुणाला पापी घेऊ देऊ नका. जो घेईल त्यानं आधी साबणानं हात धुवायचे. आणि शेवटी, "अंगावर पाजताय ना? मग तिला तुमच्यापासून लांब ठेवण्यापेक्षा जवळच ठेवा." फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की हा सगळा कायदा आमच्या घरात आधीपासून होता. आजी मयताहून आली की उंबरा ओलांडायची नाही. परसदारी पाणी काढून ठेवलेलं असायचं, ते डोक्यावरून घ्यायची, लुगडं तिथंच पिळून टाकायची, दात-ओठ आवळून कडुनिंबाचं पान चावायची आणि मगच आम्हां पोरांना हात लावू द्यायची. पान चावल्यावर तिचं होणारं तोंड बघायला आम्ही परसदारी जमायचो. तेव्हा त्याला विटाळ म्हणत. डॉक्टरीणबाई त्याला हात धुणं म्हणतात, इतकंच.

तरी नेऊ नये, असं वाटायला लावणारी एक आठवण माझ्याकडे होती. आणि नेलंच पाहिजे, असं वाटायला लावणारीही तीच.

आजोबा गेले तेव्हा मी दुसरीत असेन. सकाळी उठल्या उठल्या आम्हां चौघा पोरांना शेजारच्या घरी नेलं आणि तिथल्या काकींनी आमच्यापुढे सुपं ठेवली. तुरीतले खडे निवडा म्हणाल्या. आम्ही दिवसभर तूर निवडली. निवडून झालेली तूर त्या आत नेत आणि पुन्हा घेऊन येत; तीच तूर असावी असा आम्हांला संशय होता, पण कुणी बोललं नाही. मधल्या भिंतीतून आवाज येत होते. एकेक नवं माणूस आलं की तो रडण्याचा लोट वर चढायचा, मग हळूहळू बसायचा, मग पुन्हा चढायचा. शब्द कळत नव्हते. संध्याकाळी घरी आणलं तेव्हा सगळी जमीन नुकती सारवलेली होती, पाय ठेवला की गार लागत होतं. आणि आजी कोपऱ्यात बसली होती. तिच्या कपाळावर जिथं कायम रुपयाएवढं कुंकू असायचं, तिथं कातडीचा एक फिकट गोल होता. बाकीचं कपाळ उन्हानं रापलेलं आणि मधोमध तो गोल. आजोबा कुठे आहेत हे मी विचारलं नाही. मी त्या गोलाकडेच बघत राहिले. मला वाटलं, भिंतीपलीकडे जे काही चाललं होतं ते आजीला केलं गेलं.

2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, असा ठराव केला आणि सरकारनंही इतर गावांसाठी त्याचं परिपत्रक काढलं. तेव्हा पेपरात वाचताना माझ्या डोळ्यांपुढे कुठलीही चळवळ आली नाही, तो गोल आला. मला लांब ठेवण्यामागे सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. पण भिंतीपलीकडून ऐकलेलं रडणं जवळून बघितलेल्या रडण्यापेक्षा वाईट असतं, एवढं मला अनुभवानं माहीत होतं. अर्थात सात वर्षांच्या मुलीचं शहाणपण साडेचार महिन्यांच्या मुलीला कसं लावणार? तिला काय आठवणार आहे? तिच्या दृष्टीनं ते घर म्हणजे अनोळखी वास, अनोळखी हात आणि मोठे आवाज. हा सगळा विचार ‘तिच्यासाठी’ चालला होता, असं मी स्वतःलाही सांगू शकत नव्हते. मला जायचं होतं. ती माझ्याशिवाय राहू शकत नव्हती. म्हणून ती येणार होती. गाडीत बसताना मी बाबांना ‘दोघी येतोय’ एवढाच मेसेज केला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

खंबाटकीच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन तिला पाजलं. मोठे ट्रक जाताना गाडी हलत होती आणि ती मध्येच तोंड काढून खिडकीकडे बघून हसत होती. नवरा बाहेर उभा राहून ऑफिसला फोन करत होता, "नाही, आजी. बायकोची आजी." घाट उतरून सुरूर फाट्याला वळलो तेव्हा ती झोपली होती. शेतांत हळद उभी होती, पानं चकाकत होती. दिवस इतका छान होता की राग यावा.

घरापुढे चपलांचा ढीग. अंगणात ताडपत्रीवर पुरुष मंडळी, एका कडेला दोघे-तिघे बांबूला सुतळी आवळत होते, एकजण ‘हितं गाठ घे’ म्हणत होता. पाणी तापवायची चूल सुदैवानं गोठ्याच्या बाजूला मांडलेली. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि तोच लोट उठला, लहानपणी भिंतीपलीकडून ऐकलेला. माझ्यासाठी. लाडकी नात आली म्हणून आत्यानं, काकूनं, गल्लीतल्या बायांनी हंबरडा फोडला. लेक दचकून जागी झाली. तिचे दोन्ही हात हवेत गेले, खालचा ओठ पुढे आला, थरथरला. आता ही टाहो फोडणार म्हणून मी वळलेही. पण तिनं रडणाऱ्या बायांकडे एकेक करत बघितलं आणि तिचं रडणं आतल्या आतच राहिलं. बहुधा तिला वाटलं असेल, इथं आधीच इतकीजणं हे काम करतायत.

आईनं मला सरळ मागच्या खोलीत नेलं. ही पूर्वी धान्याची खोली. कणग्या गेल्या, आता तिथं पोत्यात बियाण्याची हळद, एक जुना पलंग, गणपतीचं मखर आणि न चालणारं शिलाई मशीन. खोलीला एकच झरोका. हळदीचा, मातीचा वास. आईनं पलंगावर गोधडी टाकली, आणि पाजायला बसल्यावर मला पुढचे दोन-अडीच तास फक्त ऐकू येत राहिलं. गाडी आली. कोण आलं? मुंबईचे आले. फुलं आणली का? तुळस काढा. कुणीतरी टाळ घेऊन आलं, हलक्या आवाजात ‘ज्ञानोबा-तुकाराम’ सुरू झालं. आणि मी आत, ढेकर काढत. लेकीला घेऊन आले म्हणून मी येऊ शकले, आणि लेकीला घेऊन आले म्हणून मी तिथं नव्हते. आजी माझ्यापासून दोन भिंती पलीकडे होती आणि मी लंगोट बदलत होते.

मग बाया यायला लागल्या. पहिली आत्या. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. काही न सांगता ती मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आली आणि पदराला पुसत "दे" म्हणाली. लेकीनं तिच्या हातातल्या बांगड्या मुठीत धरल्या आणि ओढल्या. आत्या हसली. हसल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं आणि ती लेकीच्या मानेत तोंड खुपसून पुन्हा रडली, पण हे रडणं बाहेरच्यापेक्षा बारीक होतं. तिच्यामागून आणखी दोघी. मग मुंबईची चुलत बहीण. मग जिचं नावही मला आठवत नव्हतं अशी एक म्हातारी, पार खोलीपर्यंत काठी टेकत आली, आणि लांबूनच, "हिचीच का गं गोधडी?" म्हणून विचारून गेली. बाहेर रडून दमलेलं माणूस टपरीवर चहाला यावं तशा त्या येत होत्या. मला बरंही वाटत होतं आणि चिडचिडही होत होती. लोक म्हणतात, लहान मूल असलं की दुःख हलकं होतं. होत असेल. पण ते हलकं करायचं काम माझ्या लेकीनं का करायचं? तिची झोपेची वेळ टळून गेली होती. चौथ्या कडेवर ती किरकिरायला लागली, तेव्हा मी तिला जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

एकजण म्हणाली, "नेऊन पायावर घाल आजीच्या. बघितली न्हाई तिनं." दुसरी लगेच, "काय तरी बोलू नगंस." दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. सुतकाचाही विषय निघाला, तर कुणीतरी म्हणालं, लेकीची लेक, परगोत्री, तिला कसलं सुतक आणि कसला विटाळ. म्हणजे नको तेव्हा ती कोवळी आणि हवी तेव्हा परक्या घरची. मी काहीच बोलले नाही. बाहेरून हाक आली, "चला, पाणी पाजून घ्या ज्यांचं राहिलंय त्यांनी."

माझं राहिलं होतं. नवरा पुरुषांच्यात होता, आई आजीच्या उशाशी. लेक खांद्यावर. आणि तेवढ्यात दारात थोरली काकू. आणू नको म्हणालेली. सकाळपासून ती या खोलीकडे फिरकली नव्हती. आताही तिनं लेकीकडे बघितलं नाही. तिचे हात ओले होते, तिनं ते पुढे केले आणि म्हणाली, "आण हिकडं. जा तू, डोळं भरून बघून घे. मी हाय." आणि लेकीला छातीशी धरून ती मागच्या दारानं परड्यात निघूनही गेली.

आजीचा चेहरा लहान झाला होता. कपाळावर बुक्का लावलेला, गळ्यात तुळशीची माळ, नाकात कापूस. तुळशीच्या पानानं पाणी घातलं तर ते ओठांच्या कडेनं हनुवटीवर आलं, मी ते बोटानं पुसलं. फार वेळ नव्हताच. बाबा ओल्या धोतरात, खांद्यावर मडकं घ्यायच्या तयारीत उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं, आणि नजरेनंच विचारलं, कुठाय? मी परड्याकडे बोट केलं. त्यांनी मान हलवली.

आमच्याकडे बायका वेशीपर्यंत जातात. मी गेले नाही. परड्यात काकू लेकीला म्हशीची शिंगं दाखवत होती.

संध्याकाळी शेजारच्या घरांतून पिठलं-भाकरी आली. कडू घास म्हणून सगळ्यांनी बसल्या बसल्या थोडं थोडं खाल्लं. अंघोळ करून, कोरडे कपडे घालून बाबा मागच्या खोलीत आले आणि पलंगाच्या कडेला बसले. लेक गोधडीवर पाय झाडत होती. त्यांनी तिला घेतलं नाही, नुसती तिची टाच अंगठ्या-बोटाच्या मध्ये धरून ठेवली. आणि स्वतःहूनच सांगितलं. त्यांच्या आधी आजीला दोन मुलं झाली होती. हे मला ठाऊक होतं. दोन गेली, एवढंच. त्यातलं दुसरं पाच महिन्यांचं होतं. आजीची आई वारली म्हणून ती त्याला घेऊन माहेरी गेली होती. बैलगाडीनं, पावसात. नको नेऊ म्हणून सासू सांगत होती. पाजायला दुसरं कोण, म्हणून नेलं. परत आली तेव्हा त्याला ताप होता, हगवण लागली होती, आणि आठवड्याच्या आत ते गेलं. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत. ओढ्याच्या वरच्या बांधाला पुरलं. "ती कधी त्या बांधानं गेली नाही," बाबा म्हणाले. "लांबून जायची. मयताचं वारं लागलं त्याला, असंच म्हणायची शेवटपर्यंत."

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. 1971 सालीसुद्धा आपल्या देशात जन्मलेल्या हजार मुलांमागे 129 वर्षाच्या आत जात होती. 2020पर्यंत तो आकडा 28वर आला. माझ्या लेकीला त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी सांभाळलं, त्यांत मी साडेतीन महिन्यांचं इंजेक्शनही धरते, आणि साबणानं धुतलेले हातही. आजीच्या मुलाला वारं लागलं नाही, पाणी लागलं असणार. पण हे बाबांना सांगून काय उपयोग होता? त्यांनाही ते कळत होतं. मला फक्त एवढं कळलं की पहाटेचं ते वाक्य बाबांचं नव्हतं. ते आजीचंच होतं. ती गेल्याचं सांगता सांगता त्यांनी तिचा निरोपही पोचवला होता. आणि आजी तेव्हा ज्या पेचात होती, त्याच पेचात मी सकाळी होते: पाजायला दुसरं कोण? हे आधी माहीत असतं तर मी लेकीला नेलं असतं का? नेलं असतं असं वाटतं. पण गाडीत बसताना जितकी खात्री होती तितकी नसती, आणि काकूच्या फोनवर मी मनात जे म्हणाले ते म्हणाले नसते.

दहाव्याच्या आधी पिंपरीच्या भावजयीचा फोन आला. "ताई, मला यायचं होतं हो त्या दिवशी. आता दहाव्याला ह्याला आणू का? आमच्या आई नको म्हणतात." मी तिला विचारलं, तो बाटलीनं पितो का? सर्दी-खोकला आहे का? त्याची झोपायची वेळ किती वाजता असते? ती एकेकाची उत्तरं देत गेली. मग मी विचारलं, "तुला यायचंय ना पण?"

"यायचंय."

मग मी तिला सांगितलं की मागच्या खोलीच्या दाराची कडी बसत नाही, आतून शिलाई मशीन सरकवून लावावं लागतं, आणि हात धुवायचा साबण मी घेऊन येते.